पलटणीच्या पटावरची बाळंतीण



पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं आणि लेकीला आईकडे आणून ठेवायचं. मग शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाची टाळू भरणं. या सगळ्याला पैसा फार लागत नाही, माणसं लागतात. आई लागते, आजी लागते, शेजारची जाणती काकू लागते. आणि मुख्य म्हणजे माहेर एसटीच्या टप्प्यात लागतं.

आज ज्या बायकांबद्दल बोलणार आहे त्यांचं माहेर पाच-सहा महिन्यांच्या समुद्रापलीकडे होतं. या इंग्रज पलटणीतल्या साध्या शिपायांच्या बायका. इंग्रज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंगला, पंखा ओढणारा नोकर आणि छत्रीवाली मेमसाहेब येते. पण गोरी माणसं सगळीच साहेब नव्हती. पलटणीतला शिपाई बहुतेक वेळा आयर्लंडच्या किंवा स्कॉटलंडच्या गरीब घरातला, नाहीतर इंग्लंडातल्या शेतमजुराचा पोरगा असायचा. पोटासाठी फौजेत आलेला. त्याची बायकोही तशीच, कुणाच्या घरी धुणीभांडी केलेली, कुणी गिरणीत राबलेली. पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर म्हणजे आताचं अहिल्यानगर, या आपल्या छावण्यांमध्ये अशा शेकडो बायका राहून गेल्या, बाळंत झाल्या. आपल्या गटांमध्ये फौजींच्या बायका पुष्कळ आहेत. सातारा जिल्ह्यात तर अख्खं गाव अपशिंगे मिलिटरी या नावाने ओळखलं जातं. म्हणून मला वाटलं, हा इतिहास आपल्या ओळखीचा निघेल.

सगळ्यात आधी समजून घ्यायचा तो पट. शिपायाने लग्न करायचं तर वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागे. परवानगी मिळाली तर बायकोचं नाव पलटणीच्या पटावर चढायचं. पटावरच्या बायकोला बराकीत जागा मिळे, परदेशी गेल्यावर अर्धा शिधा मिळे, मुलांना त्याहून थोडा कमी. परवानगीशिवाय लग्न केलं असेल तर लग्न चर्चमध्ये लागलेलं असो, पलटणीच्या लेखी ती बाई नव्हतीच. तिला ना जागा, ना शिधा, ना जहाजात पाय ठेवायला जागा.

आणि पटावर नाव असलं म्हणजे सगळं मिळालं, असंही नाही. पलटण परदेशी निघाली की शंभर शिपायांमागे साधारण सहाच बायकांना सोबत नेत. हिंदुस्थानसारख्या लांबच्या मुलखात ही संख्या बारा असे. मग कुणी जायचं? चिठ्ठ्या टाकत. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्या काळात ही पद्धत चालू होती. टोपीत कागदाच्या घड्या, कुठे पांढरे-काळे खडे. एका कागदावर जायचं, दुसऱ्यावर राहायचं. पुष्कळदा ही सोडत अगदी निघायच्या तोंडावर, बंदराजवळ व्हायची. कारण आधी सांगितलं तर शिपाई पळून जातील ही धास्ती.

आता विचार करा. पोटात सहा महिन्यांचं बाळ आहे, आणि एका चिठ्ठीवर ठरतं की नवरा परत दिसणार की नाही. पलटण हिंदुस्थानात दहा-दहा, कधी वीस वर्षं राहायची. राहायची चिठ्ठी निघालेली बाई आपल्या गावच्या चर्चच्या गरीबखात्याच्या दारात जाऊन उभी राहायची. नवऱ्याच्या पगारातून घरी पैसे पाठवायची पक्की सोय तेव्हा नव्हती. जिला जायची चिठ्ठी निघाली तिला नशीबवान म्हणत. त्या नशिबात काय होतं, तेही बघू.

१८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. त्याआधी जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचं, चार ते सहा महिने लागायचे. म्हणजे तिसऱ्या महिन्यात निघालेली बाई जहाजावरच बाळंत होणार हे हिशेबाने दिसतच होतं. खालच्या मजल्यावर, उजेड नाही, पाणी मोजून, सोबतीला पलटणीतल्याच दोन-चार बायका. जहाजावर डॉक्टर असायचा, पण तो जखमा आणि ताप बघणारा. खरा आधार असायचा तो आधी चार बाळंतपणं झालेल्या एखाद्या सार्जंटच्या बायकोचा. पुढे सरकारने खास फौजेसाठी पाच मोठी जहाजं बांधली. त्यातल्या दोघांना आपल्या ओळखीची नावं होती, जमना आणि मलबार. कालवा झाल्यावर ती महिनाभरात मुंबईला लागू लागली. उन्हाळा टाळायचा म्हणून हिवाळ्याच्या आगेमागेच येत. उतरलेले लोक रेल्वेने कसाऱ्याचा घाट चढून नाशिकजवळ देवळालीच्या छावणीत आणत आणि तिथून पुढे वाटणी होई.

छावणीत बाईला जागा कुठे? त्या काळी इंग्लंडात तर बराकीच्याच एका कोपऱ्यात घोंगडीचा पडदा लावून नवरा-बायको राहत, पलीकडे बाकीचे शिपाई. तिथेच बाळंतपण. त्या मानाने हिंदुस्थानात बरं होतं, लग्न झालेल्यांना बहुतेक ठिकाणी वेगळ्या खोल्या होत्या. भिंती जाड, छप्पर उंच. बाईला वाटायचं, चला, पहिल्यांदा दाराला कडी असलेली खोली मिळाली.

पण एक गोष्ट तिच्या हातातून गेली, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. मायदेशी पलटणीचे कपडे धुणं हे पटावरच्या बायकांचं काम होतं. शिपायांच्या पगारातून त्याचे पैसे कापून त्यांना मिळत. थोडे, पण स्वतःचे. इथे आल्यावर ते काम धोब्याकडे गेलं. स्वयंपाकाला खानसामा, पाण्याला भिश्ती. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, काय सुख आहे! खरं तर तिची कमाई गेली आणि हाताला काम राहिलं नाही. भाषा येत नाही, बाहेर ऊन, माहितीचं कुणी नाही, नवरा दिवसभर कवायतीला आणि संध्याकाळी दारूच्या कँटीनला. त्या काळचे साहेब लिहून गेलेत की शिपायांच्या बायका हिंदुस्थानात येऊन आळशी आणि व्यसनी होतात. साहेबांनी धुण्याचा हिशेब केला नव्हता, एवढंच मी म्हणेन. आपल्यातल्या जिला शेळीचे किंवा शिलाई मशीनचे पहिले चारशे रुपये हातात आलेले आठवतात, तिला हे जास्त सांगायला नको.

बाळंतपणाचं काय? पलटणीचा डॉक्टर होता. पण त्या काळात डॉक्टर असणं आणि वाचणं यांचा फारसा संबंध नव्हता. बाळंतरोग का होतो हे कुणाला माहीत नव्हतं. हात औषधी पाण्याने धुऊन मग बाळंतिणीला हात लावा, म्हणजे मरण कमी होतं, हे १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टर सेमेलवाइस यांनी दाखवून दिलं. डॉक्टरमंडळींना ते पटायला पुढे कितीतरी वर्षं गेली. म्हणून छावणीतली इंग्रज बाई पुष्कळदा आपल्याच सुईणीच्या हातात यायची. खिश्चन, हिंदू, मुसलमान हा प्रश्न कळा सुरू होईपर्यंतच टिकत असेल. दोघींना एकमेकींची भाषा येत नसणार, पण त्या वेळी बोलण्यासारखं असतंच किती!

बाळ झालं आणि आईला दूध नाही आलं, किंवा तापाने आईच गेली, तर दूध पाजायला दाई ठेवत. ही दाई म्हणजे आसपासच्या गावातली नुकतीच बाळंत झालेली गरीब बाई. तिला पगार इतर नोकरांपेक्षा बरा मिळे, खाणंपिणं चांगलं मिळे, कारण दूध चांगलं यायला हवं. पण तिचं स्वतःचं बाळ? पुष्कळ ठिकाणी अट असे की ते सोबत आणायचं नाही. ते घरी, सासूकडे नाहीतर मोठ्या मुलीकडे, गाईच्या किंवा शेळीच्या पाण्यासारख्या दुधावर. त्यातली किती जगली याची गणती कुणी ठेवली नाही. अर्थात दाई ठेवणं बहुतेक अधिकाऱ्यांच्या घरी परवडे. साध्या शिपायाच्या बायकोचं दूध आटलं तर तिचं बाळही त्याच शेळीच्या दुधावर असायचं.

अधिकाऱ्यांच्या बायकांना आराम जास्त होता हे खरं. उन्हाळा आला की त्या डोंगरावर जात. आपलं महाबळेश्वर त्यासाठीच वसवलं. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून ती जागा बदल्यात घेतली. पण पलटण लढाईला गेली की साहेबाच्या बायकोचंही फार वेगळं नसायचं. एक हकीकत सांगते. ती आपल्या भागातली नाही, काबूलची आहे.

१८३९ मध्ये इंग्रजांनी अफगाणिस्तानात फौज घातली, काबूल घेतलं आणि तिथे संसार मांडले. बायकामुलं आणली, बागा लावल्या. त्यात फ्लोरेंशिया सेल नावाची सेनापतीची बायको होती. तिने आपल्या बागेत भाज्या लावल्या होत्या आणि तिला त्यांचा मोठा अभिमान होता. तिची लेक अलेक्झांड्रिना. १८४१ मध्ये काबूललाच तिचं लग्न झालं, नवरा जॉन स्टर्ट हा इंजिनिअर पलटणीत लेफ्टनंट. नोव्हेंबरात शहर पेटलं. सेलबाईंचा नवरा तेव्हा आपली तुकडी घेऊन पुढे जलालाबादला अडकलेला. ६ जानेवारी १८४२ ला इंग्रज फौजेने काबूल सोडलं. साडेचार हजार सैनिक आणि त्यांच्यामागे बारा हजारांच्या आसपास नोकर, बाजारबुणगे, बायका, मुलं. भर बर्फ. अलेक्झांड्रिनाला तेव्हा दिवस गेलेले होते.

तिसऱ्या दिवशी खुर्द काबूलच्या खिंडीत वरून गोळ्यांचा पाऊस पडला. स्टर्टच्या पोटात गोळी लागली. सेलबाईंच्या हातात एक गोळी घुसली. एक मेनवेरिंग नावाची बाई आपलं काही महिन्यांचं बाळ छातीशी धरून प्रेतांमधून, बर्फातून चालत निघाली आणि बाळासकट पोहोचली. स्टर्ट दुसऱ्या दिवशी तंबूत गेला. सासूने आणि बायकोने त्याला तिथेच पुरलं. त्या हजारो प्रेतांमध्ये विधीने मूठमाती मिळाली ती जवळजवळ त्याच्या एकट्यालाच. त्याच दिवशी साहेबांच्या बायकामुलांना सरदार अकबर खानाच्या ताब्यात ओलीस दिलं. त्यामुळे त्या वाचल्या. उरलेली फौज पुढच्या चार-पाच दिवसांत कापली गेली.

मग नऊ महिने कैद. एका गढीतून दुसऱ्या गढीत. जुलै १८४२ मध्ये त्या कैदेत अलेक्झांड्रिनाला मुलगी झाली. आई जवळ होती. सगळं गेलं, पण आई जवळ होती. त्या कैदेत आणखी बायकाही बाळंत झाल्या. सप्टेंबरात सुटका झाली आणि पुढच्या वर्षी सेलबाईंची रोजनिशी लंडनला छापून आली. लोकांनी ती हातोहात घेतली. म्हणून आज आपल्याला त्या बाळाबद्दल माहीत आहे.

पण बारा हजार माणसं मागे होती, असं मी मघाशी म्हटलं. त्यांच्यात आपल्या देशी शिपायांच्या बायका होत्या, आया होत्या, स्वयंपाकिणी होत्या. त्यांच्यातही पोटुशा असणारच. त्यांना कुणी ओलीस म्हणून मागितलं नाही. काही बर्फात गोठल्या, काही मारल्या गेल्या, काही गुलाम म्हणून विकल्या गेल्या. त्यांची रोजनिशी नाही.

नवरा मेला की साध्या शिपायाच्या बायकोचं काय व्हायचं? तिला काही महिने भत्ता मिळे, मग एक तर परतीचं जहाज, नाहीतर दुसरं लग्न. पलटणीत बिनलग्नाचे शिपाई पुष्कळ, गोऱ्या बायका थोड्या. नवऱ्याला मूठमाती देऊन महिना-दोन महिन्यांत दुसरं लग्न केलेल्या बायका छावण्यांच्या नोंदींमध्ये पुष्कळ सापडतात. तीन-तीन लग्नं झालेल्याही आहेत. नावं ठेवणारे तेव्हाही होते. पण पोरं पदरात, परका देश, आणि पटावरून नाव निघालं की खोलीही जाणार. तिने दुसरं काय करावं?

आणि आपल्याकडच्या ज्या बायकांनी गोऱ्या शिपायांशी संसार केला, त्यांची गोष्ट आणखी वेगळी. कंपनीच्या जुन्या काळात असे संसार पुष्कळ होते. पलटण मायदेशी निघाली की देशी बायकोला सरकारी खर्चाने नेत नसत. नवरा जहाजावर, ती किनाऱ्यावर, कडेवर भुऱ्या केसांचं पोर. इंग्लंडच्या बंदरावर चिठ्ठी हरलेली आयरिश बाई आणि मुंबईच्या बंदरावर उभी असलेली ही बाई. हिला तर चिठ्ठीसुद्धा नव्हती.

बदल कधी झाला? इंग्लंडच्या लोकांना हे दिसलं ते १८५४ च्या क्रिमियाच्या लढाईत. फ्लोरेन्स नाइटिंगेल तुर्कस्तानात स्कुटारीच्या दवाखान्यात जखमी शिपायांची सेवा करत होत्या, हे आपण शाळेत वाचलंय. त्याच दवाखान्याच्या तळघरात शिपायांच्या बायका राहत होत्या, हे वाचलं नव्हतं. ओल, घाण, उंदीर, चिंध्यांचे पडदे आणि त्याआड बाळंतपणं. नाइटिंगेलबाईंना जखमींमधून उसंत नव्हती. अलिशिया ब्लॅकवूड नावाची बाई, काय काम देता ते द्या, म्हणून आली, तर त्यांनी तिला या बायका सोपवल्या. तिने त्यांना वर काढलं, बाळंतिणींसाठी वेगळी जागा केली, मुलांसाठी शाळा काढली.

पुढे नाइटिंगेलबाई हिंदुस्थानातल्या छावण्यांच्या मागे लागल्या. सरकारने आयोग नेमला, १८६३ मध्ये अहवाल आला. दर वर्षी हजारात ६९ गोरे शिपाई मरत होते, आणि ते लढाईत नाही, कॉलरा, हगवण, तापाने. कारण घाण पाणी आणि तुंबलेली गटारं. धडधाकट पुरुष इतके मरत होते, तर त्याच विहिरीचं पाणी पिणाऱ्या तान्ह्या बाळांचं काय होत असेल! हळूहळू पाणी, संडास, बराकी सुधारल्या. बायकामुलांसाठी छावणीत वेगळे दवाखाने झाले. पण त्या सुधारणा छावणीच्या हद्दीपर्यंत. हद्दीबाहेरच्या बाजारात आणि गावात तेच पाणी चालू राहिलं.

पटाची अट मात्र सुटली नाही, तिचं रूप बदललं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिपायाला लग्नाची परवानगी हवी तर सात वर्षं नोकरी, चांगल्या वर्तणुकीचे बिल्ले आणि बचत बँकेत पाच पौंड शिल्लक लागे. बचत नसेल तर बायको पटावर नाही! आपल्या फौजी मैत्रिणींना हा कागदाचा खेळ चांगला माहीत आहे. लग्न झालं, बाळ झालं की पार्ट टू ऑर्डर निघाली का, नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का, बाळाची जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का. मालक सुट्टीवर आले की आधी हे बघून घ्या. आमच्या गटातल्या एका ताईंचं पेन्शनचं काम एका अक्षरासाठी अडून राहिलं होतं.

जी मुलं जगली त्यांच्यातल्या अनाथांसाठी १८१५ मध्ये मुंबईत एक संस्था निघाली, आर्चडीकन बार्न्स यांनी काढलेली. तिच्या भायखळ्याच्या शाळेत शिपायांची पोरकी मुलं वाढली. हीच शाळा १९२५ मध्ये देवळालीला गेली आणि बार्न्स स्कूल म्हणून आजही चालू आहे. आता तिथे आपली मुलं शिकतात.

पुण्याच्या लष्कर भागात सेंट मेरीज चर्च आहे, १८२५ पासूनचं. अशा चर्चमध्ये बाळाचं नाव ठेवलं की वहीत नोंद व्हायची. बापाचं नाव, हुद्दा, पलटण, आईचं नाव. मरणाचीही तशीच नोंद. मुंबई इलाख्यातल्या त्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवत, आणि त्या तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत आजही आहेत. तिकडची माणसं आपल्या पणजीचा जन्म शोधायला त्या वह्या उघडतात, आणि सापडतं, जन्म खडकी, जन्म अहमदनगर. नाळ कापणाऱ्या सुईणीसाठी त्या वहीत रकाना नव्हता.

आपल्याकडच्या काही बायका मात्र उलट दिशेने गेल्या. साहेबाचं कुटुंब मायदेशी निघालं की वाटेत बाळ सांभाळायला आया सोबत नेत. लंडनला पोहोचल्यावर पुष्कळ घरांनी त्यांना तिथेच सोडून दिलं, परतीचं तिकीटही दिलं नाही. कडाक्याची थंडी, भाषा येत नाही, माहेर समुद्रापलीकडे. अशा बायकांसाठी लंडनमध्ये एक आश्रयघर होतं, आयाज होम नावाचं. आधी ते ऑल्डगेटला होतं, १९०० मध्ये हॅकनी भागातल्या किंग एडवर्ड्स रोडवर गेलं. तिथे राहून त्या परत हिंदुस्थानात निघालेल्या एखाद्या कुटुंबाची वाट बघायच्या, म्हणजे त्यांचं बाळ सांभाळत आपल्याला घरी जाता येईल. त्या घरावर २०२२ मध्ये निळी पाटी बसली.